चूक ओळखा : इंग्रजी वाक्यातील दोष व त्यांचे मराठी मूळ

स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजीच्या विभागात एक प्रश्नप्रकार हमखास आढळतो. एक वाक्य तीन-चार तुकड्यांत विभागून दिलेले असते. त्यांपैकी कोणत्या तुकड्यात दोष आहे, एवढेच सांगायचे असते. दोष दुरुस्त करायचा नसतो, नियम लिहायचा नसतो, निबंध तर नसतोच. वरवर पाहता याहून सोपा प्रश्न नाही. तरीही मराठी माध्यमातून शिकलेले आमचे अनेक हुशार विद्यार्थी गणितात व बुद्धिमापनात मिळवलेली आघाडी येथे गमावतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्मरणिकेत आठवणी असाव्यात हे खरेच. परंतु ही स्मरणिका ज्यांच्या हाती जाईल त्यांपैकी अनेकांच्या घरी आज दहावी-बारावीचे किंवा पदवीचे विद्यार्थी आहेत. त्यांना उपयोगी पडेल असा एखादा धडा या पानांत असावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रश्नाचे स्वरूप आणि गुणांचा हिशेब

प्रथम काही ठोस बाबी पाहू. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न, २०० गुण व ६० मिनिटे अशी अलीकडची रचना आहे. त्यांपैकी २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण, इंग्रजीला आहेत. प्रत्येक बरोबर उत्तराला २ गुण मिळतात व चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा होतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशासाठी संघ लोकसेवा आयोग जी लेखी परीक्षा घेतो, तिच्या एकूण ९०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजीचे असतात. तेथे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश भाग वजा केला जातो. ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्या वर्षीची जाहिरात विद्यार्थ्याने स्वतः वाचावी, कारण रचना बदलत असते.

हा हिशेब नीट समजून घेणे आवश्यक आहे. एक-तृतीयांश गुण वजा होणाऱ्या परीक्षेत ४ गुणांचे चार प्रश्न कोणी डोळे मिटून सोडवले, तर सरासरीने एक बरोबर येईल व तीन चुकतील. मिळालेले ४ गुण तीन चुकांत निघून जातील आणि हाती शून्य राहील. पण चारांपैकी एक पर्याय निश्चित खोटा आहे हे कळले, तर अशा तीन प्रश्नांत मिळून सुमारे सव्वा गुण हाती राहतो. दोन पर्याय बाद करता आले, तर केवळ दोन प्रश्नांत मिळून अडीच गुणांहून अधिक फायदा होतो. म्हणजे संपूर्ण उत्तर ठाऊक नसले तरी 'हा तुकडा निर्दोष आहे' एवढे खात्रीने सांगता येणे हीसुद्धा कमाई आहे. आणि ही खात्री कानावर विसंबून येत नाही, ती कारण कळल्याने येते.

कानावर विश्वास का ठेवू नये

ज्या घरात लहानपणापासून इंग्रजी बोलले जाते, तेथील मुलाला चुकीचे वाक्य 'खटकते'. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य घरांत शिकणारी पहिलीच पिढी. त्यांनी इंग्रजी ऐकले ते वर्गात, दूरचित्रवाणीवर आणि बाजारातील पाट्यांवर. 'लेट अस डिस्कस अबाउट धिस' हे वाक्य भारतभर इतके सर्रास ऐकू येते की ते कोणाच्याच कानाला खटकत नाही. परीक्षक मात्र ते दोषयुक्तच धरणार. म्हणून 'ऐकायला बरे वाटते' ही कसोटी आमच्या मुलांसाठी फसवी आहे.

मग त्यांच्याजवळ दुसरे काही साधन आहे काय? आहे, आणि ते मोठे आहे. ते म्हणजे त्यांची मराठी. इंग्रजीतील त्यांच्या बहुतेक चुका अज्ञानाने होत नाहीत. मराठीचा एक बिनचूक नियम इंग्रजीत नेऊन बसवल्याने त्या होतात. मुलाच्या डोक्यात व्याकरण नसते असे नाही, ते दुसऱ्या भाषेचे असते. कोणता मराठी नियम कोणती इंग्रजी चूक घडवतो हे एकदा उमगले, की चूक ओळखणे जमू लागते. आता अशी काही उगमस्थाने पाहू.

पहिले मूळ : क्रियापद कोणाच्या आज्ञेत?

मराठीत कर्तरी, कर्मणी व भावे असे तीन प्रयोग आहेत. 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलाने आंबे खाल्ले'. येथे मुलगा तोच, पण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. मराठी वाचकाचा डोळा म्हणूनच क्रियापदाच्या शेजारी उभ्या असलेल्या नामाकडे सहज वळतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्याचीच आज्ञा पाळते, मग तो कितीही लांब असो. परीक्षक नेमके हेच हेरतात आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये दुसऱ्या वचनाचे एखादे नाम पेरून ठेवतात.

'द क्वालिटी ऑफ द मँगोज वेअर नॉट गुड.' येथे डोळा 'मँगोज'वर अडकतो आणि 'वेअर' योग्य वाटते. प्रत्यक्षात चांगली नव्हती ती गुणवत्ता, आंबे नव्हेत. म्हणून 'वॉज' हवे. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह इन नागपूर' यातही राहणारा मित्र एकच आहे, म्हणून 'लिव्ह्ज'. 'द प्रिन्सिपल, ॲलाँग विथ द टीचर्स, वेअर प्रेझेंट' यात स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाकावा. उरतो एक प्राचार्य, म्हणून 'वॉज'. बोटाने झाकण्याची ही युक्ती लहान वाटते, पण ती फार उपयोगी आहे.

आदरार्थी अनेकवचनाचाही येथे संबंध येतो. आपण 'गुरुजी आले', 'बाबा येत आहेत' असे म्हणतो. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या वचनातून व्यक्त होत नाही. 'माय फादर हॅव कम' असे लिहिणाऱ्या मुलाने वडिलांचा मान राखलेला असतो, पण गुण गमावलेला असतो.

दुसरे मूळ : 'पासून'चे दोन अर्थ

'मी पाच वर्षांपासून येथे राहतो' आणि 'मी २०१९ पासून येथे राहतो' ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत. दोन्हींत 'पासून' हाच शब्द आहे आणि दोन्हींत वर्तमानकाळ आहे. यांचे जसेच्या तसे इंग्रजी केले की 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य तयार होते, आणि त्यात एकाच वेळी दोन दोष येतात.

पहिला दोष काळाचा. भूतकाळात सुरू झालेली व अजून चालू असलेली गोष्ट सांगताना इंग्रजी साधा किंवा चालू वर्तमानकाळ वापरत नाही, ती 'हॅव बीन लिव्हिंग' म्हणते. दुसरा दोष 'सिन्स'चा. इंग्रजी 'पासून'चे दोन भाग करते. जेथून मोजणी सुरू झाली तो क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स' येते. किती काळ लोटला ते माप सांगायचे असेल तर 'फॉर' येते. 'सिन्स २०१९', 'सिन्स मंडे', 'सिन्स मॉर्निंग'. पण 'फॉर फाइव्ह इयर्स', 'फॉर टू अवर्स'. कोठून निघालो ते 'सिन्स' सांगते, किती चाललो ते 'फॉर' सांगते, असे लक्षात ठेवावे.

काळाविषयी आणखी एक बाब. 'मी काल अर्ज पाठवला आहे' हे वाक्य आपण बोलताना सहज वापरतो. इंग्रजीत 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१५' असा संपलेला काळ वाक्यात आला की 'हॅव'ला तेथे थारा नाही. 'आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन यस्टरडे' हे चूक, 'आय सेंट' हे बरोबर. वाक्यात काळदर्शक शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. दोष असल्यास पुष्कळदा तो त्या शब्दाच्या आणि क्रियापदाच्या भांडणातच असतो.

तिसरे मूळ : 'जर-तर' आणि 'तोपर्यंत'

'तो येईल तेव्हा मी सांगेन' यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते. इंग्रजीत 'व्हेन', 'अन्टिल', 'बिफोर', 'ॲज सून ॲज' यांनी सुरू होणाऱ्या कालदर्शक उपवाक्यात 'विल' येत नाही. 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' हे चूक, 'व्हेन ही कम्स' हे बरोबर. 'इफ'चेही तसेच आहे. येथे मात्र मराठी आपल्या बाजूने उभी राहते. 'पाऊस आला तर सामना रद्द होईल' असे आपण म्हणतो. अटीच्या भागात भविष्यकाळ आपणही वापरत नाही. मुलांनी हे मराठी वाक्य आठवावे, म्हणजे 'इफ इट विल रेन' असे लिहिण्याचा मोह होणार नाही.

'तोपर्यंत' हा याहून अवघड सापळा आहे. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' यात मराठी नकार वापरते. त्यामुळे 'वेट अन्टिल ही डज नॉट कम' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत 'अन्टिल ही कम्स' एवढेच पुरे. 'अनलेस' या शब्दाच्या तर पोटातच नकार आहे. 'अनलेस यू डोन्ट वर्क हार्ड' यात नकार दोनदा होतो. 'अनलेस यू वर्क हार्ड, यू विल नॉट पास' हे शुद्ध.

चौथे मूळ : जोडीने येणारे शब्द

मराठीला जोड्या प्रिय आहेत. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जसे-तसे, जो-तो. एक आला की दुसरा आलाच पाहिजे. याच सवयीने 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' असे लिहिले जाते. इंग्रजीत 'ऑल्दो' आणि 'बट' यांपैकी एकानेच काम भागते. 'ॲज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड ॲट होम' यातही 'सो' जास्तीचा आहे.

उलट इंग्रजीच्या स्वतःच्या काही जोड्या आहेत, आणि त्या मराठीवरून कळत नाहीत. त्या पाठच केल्या पाहिजेत. 'नो सूनर' आले की पुढे 'दॅन'. 'हार्डली' किंवा 'स्केअर्सली' आले की पुढे 'व्हेन'. 'नायदर'बरोबर 'नॉर', 'आयदर'बरोबर 'ऑर', 'नॉट ओन्ली'बरोबर 'बट ऑल्सो'. परीक्षक यांची अदलाबदल करतात. संख्येने थोड्या असलेल्या या जोड्या एका संध्याकाळी पाठ होतात.

पाचवे मूळ : विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये

आपल्या क्रियापदांना ठरावीक विभक्ती किंवा अव्यये लागतात. ती आपण इंग्रजीत अनुवादून नेतो. 'विषयी चर्चा करणे' यावरून 'डिस्कस अबाउट' येते, 'मध्ये प्रवेश करणे' यावरून 'एंटर इन द रूम' येते, आणि 'वर हल्ला करणे' यावरून 'अटॅक्ड ऑन द फोर्ट' येते. या तिन्ही इंग्रजी क्रियापदांना येथे काहीही जोडायचे नसते. 'डिस्कस द मॅटर', 'एंटर द रूम', 'अटॅक्ड द फोर्ट' असे थेट लिहायचे.

'च्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ' होते, ते 'मॅरिड टू' हवे. 'च्यावर रागावणे' म्हणून माणसाच्या बाबतीत 'अँग्री ऑन' होते, ते 'अँग्री विथ' हवे. 'पेक्षा' म्हटले की हात 'दॅन'कडे जातो, पण 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर', 'इन्फीरिअर' आणि 'प्रिफर' यांच्यापुढे 'टू' येते. 'आय प्रिफर टी टू कॉफी' हे शुद्ध रूप.

तुलनेबाबत आणखी दोन गोष्टी परीक्षक वारंवार विचारतात. 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली' हे मराठीत चालते, ऐकणारा 'मुंबईच्या हवेपेक्षा' असे समजून घेतो. इंग्रजीत मात्र हवेची तुलना हवेशीच झाली पाहिजे. 'द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन दॅट ऑफ मुंबई.' तसेच 'ती वर्गातील कोणत्याही मुलीपेक्षा उंच आहे' यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. इंग्रजी म्हणेल, तीही त्या वर्गातलीच मुलगी आहे, मग ती स्वतःहून उंच कशी? म्हणून 'दॅन एनी अदर गर्ल'.

सहावे मूळ : मोजता येणारे आणि न येणारे

केस आपण अनेकवचनी मानतो : 'त्यांचे केस पांढरे झाले'. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकवचन, 'हिज हेअर इज ग्रे'. याउलट कात्री, विजार आणि चष्मा आपल्याला एकवचनी, पण 'सिझर्स', 'ट्राउझर्स' व 'स्पेक्टॅकल्स' अनेकवचनी, कारण दोन पाती, दोन पाय व दोन भिंगे. 'बातम्या वाईट आहेत' म्हणून 'द न्यूज आर बॅड' लिहिले जाते. 'न्यूज'च्या शेवटी 'ज' ऐकू आला तरी तो शब्द एकवचनीच आहे. 'फर्निचर', 'ॲडव्हाइस', 'लगेज', 'इन्फॉर्मेशन' यांना अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. 'पोलिस' आणि 'कॅटल' दिसायला एकवचनी, पण त्यांचे क्रियापद अनेकवचनी : 'द पोलिस हॅव अरेस्टेड', 'द कॅटल आर ग्रेझिंग'.

सातवे मूळ : प्रश्न आणि प्रश्नाचा वृत्तान्त

'तो कोठे राहतो?' हा प्रश्न, आणि 'तो कोठे राहतो हे मला ठाऊक नाही' हे विधान. मराठीत दोन्हींत शब्दांचा क्रम तोच राहतो. इंग्रजीत प्रश्नात क्रम उलटतो आणि विधानात तो पुन्हा सरळ होतो. प्रश्न : 'व्हेअर डज ही लिव्ह?' विधान : 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज.' मराठीत असा बदल होतच नसल्याने मुले प्रश्न उचलून तसाच विधानात ठेवतात. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसेल आणि मध्ये उलटा क्रम दिसला, तर तो तुकडा संशयास्पद मानावा.

'अ', 'ॲन' आणि 'द' : देवनागरीची मदत

मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे त्यांच्याविषयी आपल्याला अंगभूत जाण नसते, ती कमवावी लागते. पण 'अ' की 'ॲन' या प्रश्नात आपली लिपी आपल्याला असे साहाय्य करते, जे इंग्रजी मुलालाही मिळत नाही. हा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. रोमन लिपी उच्चार लपवते, देवनागरी तो दाखवते. म्हणून पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'.

'युनिव्हर्सिटी' य या व्यंजनाने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अम्ब्रेला' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन अम्ब्रेला'. 'अवर' म्हणजे तास, 'ऑनेस्ट' म्हणजे प्रामाणिक. रोमन लिपीत दोन्ही शब्द व्यंजनाने सुरू होतात, पण देवनागरीत स्वराने. म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'वन' या शब्दाची सुरुवात व या व्यंजनाने होते, म्हणून 'अ वन-रुपी नोट'. 'बी.ए.'ला 'अ', 'एम.ए.'ला 'ॲन'. 'एफ.आय.आर.'लाही 'ॲन'. या कसोटीने सहावीतील मूलसुद्धा अचूक उत्तर देऊ शकते.

'द'साठी एक प्रश्न विचारावा : 'कोणता ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे काय?' ठाऊक असेल तर 'द'. आणि मूल शिकण्यासाठी शाळेत जाते तेव्हा 'गोज टू स्कूल', परंतु वडील पालकसभेसाठी त्याच शाळेत जातात तेव्हा 'वेंट टू द स्कूल'. पहिल्यात शाळा म्हणजे शिक्षण, दुसऱ्यात शाळा म्हणजे ती इमारत.

वाक्य तपासण्याची रीत

एवढे नियम परीक्षेच्या घाईत आठवतील कसे? त्यासाठी क्रम ठरवून घ्यावा. पहिल्या फेरीत क्रियापद शोधावे, त्याचा खरा कर्ता शोधावा व दोघांचे वचन जुळते का ते पाहावे. दुसऱ्या फेरीत काळदर्शक शब्द व क्रियापदाचा काळ जुळवावा. तिसऱ्या फेरीत जोडशब्द, नकार व शब्दांचा क्रम पाहावा. चौथ्या फेरीत उपपदे, शब्दयोगी अव्यये, तुलना व मोजता न येणारी नामे तपासावीत. सराव झाला की या चारही फेऱ्या अर्ध्या मिनिटात होतात. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले : 'द लिस्ट ऑफ द सिलेक्टेड कँडिडेट्स / हॅव बीन डिस्प्लेड / ऑन द नोटिस बोर्ड / सिन्स मंडे.' पहिल्या फेरीतच उत्तर मिळते. लावली गेली ती यादी, म्हणून दुसऱ्या तुकड्यात 'हॅज' हवे. शेवटचा 'सिन्स मंडे' निर्दोष आहे, तो लक्ष विचलित करण्यासाठी ठेवलेला आहे.

दुसरे : 'हार्डली हॅड वी रीच्ड द स्टेशन / दॅन द ट्रेन / स्टार्टेड मूव्हिंग.' पहिल्या तुकड्यातील उलटा क्रम पाहून अनेक जण तेथेच खूण करतात. परंतु 'हार्डली' आरंभी आल्यावर तो क्रम योग्यच असतो. दोष दुसऱ्या तुकड्यात आहे, 'दॅन'च्या जागी 'व्हेन' हवे.

तिसरे : 'नायदर द हेडमास्टर नॉर द टीचर्स / वेअर प्रेझेंट / ॲट द मीटिंग / दोष नाही.' 'नायदर-नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते. जवळचा कर्ता 'टीचर्स', म्हणून 'वेअर' बरोबर. वाक्य निर्दोष आहे. 'दोष नाही' हेही उत्तर असू शकते. चारही फेऱ्यांत काही हाती लागले नाही तर तेच उत्तर निर्धास्तपणे लिहावे, ओढूनताणून चूक शोधू नये.

चुकांची वही

केवळ प्रश्नसंच सोडवत राहिल्याने प्रगती होत नाही. तपासल्यानंतर विद्यार्थी गुण मोजतो आणि पान उलटतो, म्हणून तीच चूक पुढच्या संचात पुन्हा होते. यासाठी प्रत्येकाने एक स्वतंत्र वही ठेवावी. पानाचे चार रकाने करावेत. पहिल्यात चुकलेले वाक्य, दुसऱ्यात शुद्ध वाक्य, तिसऱ्यात चुकीचे कारण मराठीत, आणि चौथ्यात त्याच नियमाचे स्वतः रचलेले नवे वाक्य. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. 'मराठीत पासून एकच आहे, इंग्रजीत दोन आहेत' असे ज्याने स्वतःच्या शब्दांत लिहिले, तो 'सिन्स' आणि 'फॉर' यांत सहसा चुकणार नाही.

आठवड्याच्या शेवटी कारणांची मोजणी करावी. बहुधा असे दिसेल की आपल्या बऱ्याचशा चुका दोन-तीन कारणांतूनच निघालेल्या आहेत. मग संपूर्ण व्याकरणाचा डोंगर समोर राहत नाही. दोन-तीन वाटा राहतात, आणि त्या चालून संपवता येतात.

हीच वही पुढेही उपयोगी पडते. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस परीक्षा देणाऱ्याला लेखनाच्या भागात ६० मिनिटांत किमान १५० व किमान २५० शब्दांचे दोन मजकूर लिहावे लागतात, आणि व्याकरणाचे वैविध्य व अचूकता हा तेथील चार निकषांपैकी एक आहे. तेथे निवडायला पर्याय नसतात, वाक्य आपले आणि चूकही आपली. ज्याला दुसऱ्याच्या वाक्यातील दोष कारणासह सांगता येतो, त्याला स्वतःचे वाक्यही त्याच नजरेने तपासता येते.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना

'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही मुलांना काय मदत करणार?' असे अनेक पालक विचारतात. त्यांना आमचे सांगणे आहे की या अभ्यासात त्यांची मदत फार मोलाची आहे. रात्री जेवणानंतर मुलाला एवढेच विचारावे : 'आज कोणते वाक्य चुकले? का चुकले ते मला मराठीत समजावून सांग.' आईला समजेल अशा शब्दांत मुलाने कारण सांगितले, तर ते त्याला खरोखर कळले. अडखळला, तर ते पाठ केलेले आहे. ही परीक्षा घेण्यासाठी इंग्रजीचे एक अक्षरही येण्याची आवश्यकता नाही.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांना तर आणखी एक अनुकूलता आहे. संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी चार-पाच जणांनी गोलात बसावे. एकाने वाक्य वाचावे, दुसऱ्याने दोषाचा तुकडा सांगावा, तिसऱ्याने कारण सांगावे, चौथ्याने त्याचे मराठी मूळ सांगावे. एकट्याने दहा वाक्ये सोडवण्यापेक्षा असे चौघांनी चार वाक्यांवर वाद घालणे अधिक फलदायी ठरते.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे या परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांना विनंती आहे की त्यांनी आपल्या गावच्या किंवा वस्तीवरच्या मुलांसाठी महिन्यातून एक तास द्यावा. व्याख्यान नको. वीस वाक्ये घेऊन बसावे आणि प्रत्येक चुकीचे कारण मुलांकडूनच वदवून घ्यावे. मार्गदर्शनाअभावी अर्ध्या गुणाने मागे राहिलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा बसतो, आणि त्या एका वर्षाची किंमत त्याच्या घराला मोजावी लागते. कधी धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबते, कधी शेतावर किंवा बांधकामावर परत जावे लागते. इंग्रजीतील एका 'हॅज'-'हॅव'वर इतके काही अवलंबून असावे हे न्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण जोवर ते अवलंबून आहे, तोवर आपल्या मुलांच्या हाती त्याची किल्ली देणे हे आपले काम आहे.

शेवटी एकच गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्रजी चुकणारे मूल मंद असते, ही समजूत शाळेत, घरात आणि मुलाच्या स्वतःच्या मनात खोल रुजलेली आहे. वर पाहिलेली प्रत्येक चूक नीट तपासली तर तिच्या मागे एखादा शुद्ध मराठी नियम उभा दिसतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये आणि मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ज्या भाषेच्या व्याकरणाचे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्या भाषेचे नियम हे मूल न शिकवता पाळत आलेले आहे. ज्याने एका भाषेचे व्याकरण असे आत्मसात केले, त्याला दुसऱ्या भाषेचेही करता येते. दोन भाषांच्या सीमारेषा कोठे आहेत, एवढेच त्याला दाखवून द्यावे लागते.

आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या दप्तरात येत्या वर्षी चुकांची एक वही असावी, आणि त्या वहीतील तिसरा रकाना त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मराठीत भरलेला असावा, अशी सदिच्छा व्यक्त करून हा धडा येथे पूर्ण करतो.